भेग दिसल्यावर
(जुन्नर येथील प्रार्थनासभेत केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की मला माळीण आठवते. 30 जुलै 2014 ची सकाळ. संततधार पावसात आंबेगाव तालुक्यातल्या या आदिवासी गावावर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना. त्याने खबर दिली, तेव्हा बाहेर कळले.

त्यानंतर एका विश्वासणाऱ्या बहिणीने मला विचारले, "ताई, त्या लोकांचे काय पाप असेल?" याचे उत्तर प्रभूने आधीच दिले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते, हे प्रभूने नाकारले आणि पश्चात्तापाची गोष्ट ऐकणाऱ्यांनाच लावली. मेलेल्यांचा हिशेब मांडणे आपले काम नाही. इशारा जिवंत माणसांसाठी असतो.

आता माझी चूक सांगते. माळीणनंतरच्या एका पावसाळ्यात वस्तीवरच्या एका आजीने मला घरामागच्या उतारावरची भेग दाखवली. हात आत जाईल एवढी होती. झऱ्याचे पाणीही गढूळ येत होते. मी म्हणाले, "आजी, मी प्रार्थना करते." प्रार्थना केली, वहीत नोंद केली आणि शेवटच्या गाडीने घोडेगावला परतले. तलाठ्यांना उद्या फोन करू, असे ठरवले. तो उद्या चार दिवस लांबला. पुन्हा गेले तेव्हा गोठ्याची मागची भिंत मातीखाली होती. आजी मात्र सून, नातवंडे आणि गुरे घेऊन आधीच खालच्या वाडीत, भावाकडे गेली होती. मला पाहून एवढेच म्हणाली, "पोरी, तुझी वाट बघत बसले असते तर?"

त्या रात्री मी यहेज्केल 33 वा अध्याय काढला. तलवार येताना पाहूनही कर्णा न वाजवणाऱ्या पहारेकऱ्याकडे देव जाब मागतो. मी प्रार्थना केली होती, पण कर्णा वाजवला नव्हता. प्रार्थनेच्या आड मी माझा आळस लपवला होता.

प्रेषितांच्या कृत्यांत, 11 व्या अध्यायात, अगब दुष्काळाची सूचना देतो. अंत्युखियाची मंडळी हा कोणाच्या पापाचा दंड, असे विचारत बसत नाही. प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे यहूदियातील बांधवांना मदत पाठवतो. इशारा ऐकणे म्हणजे हेच.

म्हणून या वर्षी वस्त्यांवर जाताना जमिनीतली नवी भेग, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा, अडकू लागलेली दारे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी पोलीस पाटील आणि तलाठ्यांना कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक घराघरांत लिहून द्या. रात्री कोणाला हलवावे लागले, तर आपल्यापैकी कोणाचे दार उघडे असेल, हेही आजच ठरवू या.

आणि घरी गेल्यावर स्वतःच्या मनातली भेगही पाहू या. न केलेली क्षमा, थकवलेली मजुरी, टाळलेली भेट. देव दाखवतो, कारण अजून वेळ आहे.

प्रभू आपणा सर्वांना जागे ठेवो. आमेन.