वीट भाजण्याची विद्या आणि तिचा प्रवास



लघुउद्योगांच्या उन्नतीची चर्चा निघाली की एका प्रांतात यशस्वी ठरलेली रीत दुसऱ्या प्रांतात कशी न्यावी, हा प्रश्न हटकून पुढे येतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. अहवाल छापावेत, परिषदा भरवाव्यात, अभ्यासदौरे काढावेत. यांपैकी काहीच निरर्थक नव्हे. परंतु रीत ही कागदावर पूर्णपणे उतरणारी वस्तू नसते, आणि जो भाग कागदावर उतरत नाही तोच पुष्कळदा निर्णायक असतो. हे म्हणणे मी आज एकाच धंद्याच्या आधारे मांडणार आहे. तो धंदा म्हणजे विटा भाजण्याचा.

लघुउद्योग म्हटले की आपल्यापुढे लेथ यंत्र येते, हातमाग येतो, फार तर तेलघाणा येतो. वीटभट्टी सहसा येत नाही. वास्तविक आपल्या देशातील भट्ट्यांची संख्या लाखाच्या घरात मोजली जाते आणि कोळशाच्या मोठ्या ग्राहकांत या धंद्याची गणना होते. गंगेच्या मैदानात आगगाडीने प्रवास करणाऱ्यास शेतांमधून उभी असलेली धुरांडी मैलोगणती दिसत राहतात. त्यांतील बहुतेकांच्या तळाशी जी भट्टी आहे तिची मूळ कल्पना बुल नावाच्या एका इंग्रज अभियंत्याची, १८७६ सालची. लंबवर्तुळाकार खंदक, त्यात रचलेल्या कच्च्या विटा, आणि त्यांच्यामधून हळूहळू पुढे सरकणारा अग्नी. विस्तव येथे विझत नाही. पुढच्या बाजूस विटा रचल्या जात असतात, मध्ये त्या भाजत असतात आणि मागच्या बाजूस निवालेल्या विटा काढल्या जात असतात. निवणाऱ्या विटांवरून येणारी हवा तापते आणि धुरांड्याकडे जाणारा धूर कच्च्या विटांना शेकतो. सव्वाशे वर्षे टिकावी अशीच ही योजना होती.

तिच्यात उणीव होती ती हवेच्या वाटेची. विटांच्या ओळींमधून हवा सरळ निघून जाई, कोळशाशी तिचे नीट मिश्रण होत नसे, आणि अर्धवट जळालेल्या कोळशाचा काळा धूर आकाशात जाई. यावरचा उपाय ऐकावयास अगदी साधा आहे. विटा अशा रचावयाच्या की हवेला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून वळसा घ्यावा लागावा. वाट लांबते, हवा घुसळली जाते, उष्णता विटांत अधिक मुरते. जर्मनीत निघालेल्या हाब्ला भट्टीच्या धर्तीवर रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९७०च्या दशकाच्या आरंभी भारतीय परिस्थितीला जुळेल अशी नागमोडी भट्टी तयार केली. जुन्या भट्टीच्या तुलनेने सुमारे एक-पंचमांश इंधन वाचते आणि धुरातील कण निम्म्याहून अधिक घटतात, असे पुढील काळातील मोजमापांवरून दिसून आले. अव्वल प्रतीच्या विटांचे प्रमाणही वाढते. मालकाच्या दृष्टीने पाहिल्यास ही शेवटची गोष्ट इंधनाच्या बचतीइतकीच मोलाची असते.

आता खरा प्रश्न येतो. ही रीत पूर्व भारतात, मुख्यतः बंगालकडे, रुजली. मग उत्तरेकडील भट्टीवाल्यांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचण्यास तिला चार दशके का लागावीत? माहिती गुप्त नव्हती. संस्था सरकारी होती आणि नकाशे मागणाऱ्यास मिळण्याजोगे होते. मालक अडाणी होते म्हणावे तर तेही खरे नव्हे. एक-पंचमांश कोळशाचा हिशेब कोणत्याही भट्टीवाल्यास तोंडपाठ असतो.

कारणे भट्टीच्या स्वभावात आहेत. पावसाळा संपल्यावर भट्टी पेटते आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी थंड होते. वर्षातून एकच हंगाम. त्यात एक फेरा बिघडला तर लाखो विटा कच्च्या राहतात किंवा वितळून एकमेकींस चिकटतात, आणि ते नुकसान भरून काढण्यास पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. असा मनुष्य पुस्तकावर विसंबून रचना बदलीत नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्या मालकाच्या भट्टीवर उभे राहून, निघालेली वीट हातात घेऊन, ती वाजवून पाहिल्यावाचून त्याचा विश्वास बसत नाही. यात दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते.

दुसरे कारण पंख्याचे. रुडकीच्या भट्टीत हवा ओढण्यास पंखा लागे. ज्या खेड्यात विजेचा भरवसा नाही तेथे तो डिझेलवर चालवावा लागे, आणि वाचलेल्या कोळशाचा काही भाग डिझेलमध्ये जाई. याची सोडवणूक प्रयोगशाळेत झाली नाही. काही भट्टीमालकांनी उंच धुरांड्याची नैसर्गिक ओढ वापरून तीच नागमोडी रचना पंख्यावाचून चालवून दाखविली. विटांमधील अंतरे त्यांनी अनुभवाने बदलली. रीत प्रवासाला निघाली ती या बदललेल्या रूपात, आणि म्हणूनच ती दूरवर गेली. मूळ नमुना जसाच्या तसा राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

२०१० नंतर बिहारमध्ये व इतरत्र ही रीत वेगाने पसरू लागली. २०१७ साली दिल्लीच्या परिसरातील भट्ट्यांना ती स्वीकारण्याचा आदेश निघाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने नागमोडी किंवा उभ्या भट्टीकडे, अथवा नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूकडे वळण्यासाठी देशभरच्या भट्ट्यांना मुदती घालून दिल्या. कायद्याने गती आली हे निर्विवाद. परंतु कायदा भट्टीचा आकार तपासू शकतो. आत विटा कशा रचल्या आहेत आणि कोळसा कसा टाकला जातो हे रोज कोण पाहणार?

बांगलादेशातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे नागमोडी भट्ट्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या होत्या, पण अनेक ठिकाणी त्या नावापुरत्याच नागमोडी होत्या. २०२२-२३च्या हंगामात संशोधकांनी तेथील २७६ भट्ट्यांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. नवी भट्टी बांधावयाची नव्हती. आहे त्याच भट्टीत रचना सुधारणे, कोळसा एकदम न ओतता थोडा थोडा सतत टाकणे, उष्णता बाहेर जाणारी ठिकाणे नीट बुजविणे, इतकेच मालकांना व कामगारांना शिकविण्यात आले. या कामात भारतीय जाणकारांचा सहभाग होता. शिकविलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के भट्ट्यांनी बदल स्वीकारले आणि स्वीकारणाऱ्यांचा इंधनवापर सुमारे २३ टक्क्यांनी घटला. कोणतीही सक्ती नव्हती. जे ज्ञान चमच्यात आणि डोळ्यांत असते तेच तेथे पोहोचविले गेले.

चमचा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. भट्टीच्या माथ्यावरील भोकांतून लांब दांड्याच्या चमच्याने कोळसा टाकणारा मनुष्य, ज्यास उत्तरेत जलाईवाला म्हणतात, तो ज्वालेच्या रंगावरून तापमान ओळखतो. असे कसबी जलाईवाले फार मोठ्या संख्येने उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्यातून येतात आणि हंगामभर अनेक राज्यांत पांगतात. म्हणजे ज्यास आपण प्रांताप्रांतांतील देवाणघेवाण म्हणतो ती हे लोक कोणत्याही परिषदेवाचून पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. शिक्षणाच्या योजना आखताना मात्र पाहुण्यांच्या यादीत मालकाचे नाव असते, जलाईवाल्याचे क्वचितच. नव्या रीतीत त्याला अधिक वेळा, अधिक लक्ष देऊन कोळसा टाकावा लागतो. वाचलेला कोळसा मालकाच्या हिशेबात जमा होतो. विटा थापणाऱ्या कुटुंबांची मजुरी हजारी दरानेच राहते, आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना भट्टी सोडता येत नाही. ज्या सुधारणेत कष्ट एकाचे वाढतात आणि लाभ दुसऱ्यास मिळतो, ती सुधारणा मालक पाठ फिरविताच मोडते. हे नीतीचे बोलणे वाटेल; मला ते भट्टीच्या तंत्राचेच अंग वाटते.

प्रत्येक चांगली रीत सर्वत्र रुजते असेही नाही. चीनमध्ये निघालेली उभी भट्टी १९९६ साली मध्य प्रदेशातील दतिया येथे आणली गेली. इंधनाच्या बाबतीत ती नागमोडी भट्टीहूनही सरस. पण उंच रचनेच्या भाराखाली तळची वीट टिकावी लागते आणि त्यास चांगली माती लागते. शिवाय गिऱ्हाइकास लालभडक वीट हवी असते. व्हिएतनाममध्ये ही भट्टी चांगली रुजली. आपल्याकडे तिचा प्रसार मर्यादितच राहिला.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर येथे गंगाकाठच्यासारख्या धुरांड्याच्या भट्ट्या थोड्याच. बहुतेक ठिकाणी कच्च्या विटांचा ढीग रचून त्याच्या थरांत इंधन घालतात आणि तो एकदाच पेटवतात. नागमोडी भट्टीस रोज तीस-चाळीस हजार विटांचा पुरवठा लागतो. हंगामात एक-दोन ढीग लावणाऱ्या कुटुंबास ती उचलून देण्यात अर्थ नाही. मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखे काही आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतातील वीटकरी भाताचे तूस, राख, कोळशाची भुकटी मातीतच मळतात. वीट आतून भाजते, बाहेरून घालावयाचा कोळसा कमी लागतो आणि माती वाचते. उत्तरेकडील भट्ट्यांत ही चाल फार थोडी आहे. बंगाल-बिहारची रचना शिकण्यास माणसे पाठविण्यासाठी आपण पैसा उभा करतो. त्याच पैशातून तूस मळणारा एखादा इकडचा वीटकरी प्रतापगडच्या जलाईवाल्यासमवेत एक हंगाम उत्तरेकडील भट्टीवर राहू शकेल. त्याचे भाडे, राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी कोणी द्यावी, एवढेच ठरवावयाचे आहे.