रक्तवाहिन्यांचे दुसरे कार्य

1998 च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात एका बालकावर शस्त्रक्रिया झाली. मूल पुरते दोन वर्षांचेही नव्हते. जन्मतःच पित्तमार्ग बंद असल्याने त्याचे यकृत निकामी झाले होते. पित्याने आपल्या यकृताचा एक भाग दिला आणि बालकावरील यकृतारोपण भारतात प्रथमच यशस्वी झाले. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

पण देणाऱ्याचे काय होते? कापलेला खंड पुन्हा फुटत नाही. मागे उरलेला भाग मात्र वाढू लागतो, काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकारमानास पोहोचतो आणि तेथेच थांबतो. ही वाढ सुरू करण्याची आज्ञा देतो कोण?

हार्वेने 1628 साली रक्ताभिसरण सिद्ध केले. तेव्हापासून रक्तवाहिनी म्हणजे शेतातला पाट, अशीच समजूत रूढ झाली. पाटाने पाणी न्यावे. पीक कसे वाढावे हे त्याने काय सांगावे? परंतु या पाटाला आतून एकाच पेशीच्या जाडीचे जिवंत अस्तर असते. 2001 साली केनेथ झॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात असे पाहिले की, या अस्तराच्या पेशी नसतील तर यकृताचा अंकुर धरतो, पण वाढत नाही. विशेष हे की, त्या अवस्थेत तेथे रक्त वाहू लागलेलेही नसते. म्हणजे पोषणाच्या आधी पोहोचतो तो संदेश.

प्रौढ यकृतातही हेच घडते. न्यूयॉर्कच्या शाहीन रफी यांच्या प्रयोगशाळेने 2010 साली दाखविले की, उंदराचे सुमारे 70 टक्के यकृत काढल्यावर अस्तराच्या पेशी प्रथम वृद्धिकारक द्रव्ये स्रवून यकृतपेशींना वाढीस लावतात. स्वतः वाढतात त्या मागाहून. घरच्यांना वाढून मग पानावर बसणाऱ्या गृहिणीचीच ही रीत.

मात्र इजा वारंवार होत राहिली तर याच पेशींचा संदेश पालटतो. 2014 सालच्या प्रयोगांत त्या दुरुस्तीऐवजी व्रणतंतू वाढविताना आढळल्या. यकृत कठीण होत जाते ते या तंतूंमुळेच.

आज दिल्ली व गुरुग्रामच्या रुग्णालयांत पुत्र पित्याला, पत्नी पतीला यकृताचा भाग देते. अस्तराचा बिघडलेला संदेश वेळीच सुधारता आला, तर त्यांतील काहींना तरी आप्ताच्या देहावर शस्त्र चालविण्याची वेळ येणार नाही.