ट्रॅक्टरची बॅटरी उकळते? आधी चार्जिंग तपासा



बियाणं घरात आलंय, रानाला वाफसा आलाय, आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. अशा वेळी आपण बॅटरीला दोष देतो आणि तालुक्याला जाऊन नवी घेऊन येतो. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसरीचंही पाणी आठ दिवसांत उतरू लागलं, तेव्हा मीटर लावून पाहिलं. मीटरनं १६ व्होल्ट दाखवले! दोष चार्जिंगचा होता. बॅटऱ्यांचा पैसा मात्र गेला.

तुम्हाला दारं धरायचं काम माहीत आहे. सरी भरली की गडी दारं मोडून पाणी पुढं नेतो. तो झोपला तर बांध फुटतो. ट्रॅक्टरमधला रेग्युलेटर हा विजेचं दारं धरणारा गडी. तो बिघडला, किंवा बॅटरी भरल्याचं त्याला कळलं नाही, तर अल्टरनेटर वीज सोडतच राहतो. भरलेल्या बॅटरीत ही जादा वीज साठत नाही. ती पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू करून उडवते. पाणी उतरतं, प्लेटा उघड्या पडतात, बॅटरी संपते.

खुणा अशा : पाणी वारंवार घालावं लागणं, बॅटरी हाताला गरम लागणं, बुचांभोवती ओल, सडक्या अंड्यासारखा वास, दिव्यांचे बल्ब सारखे जाणं. ट्रॅक्टरला अँपिअर मीटर असेल तर त्याकडं पाहा. सुरू केल्यावर काटा अधिककडं जातो, पण थोड्या वेळानं मध्याजवळ परत यायला हवा. तासभर काम होऊनही तो वरच राहिला, तर तपासणी करा.

तपासणी कशी कराल?

१. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा; लाल टोक अधिकला, काळं उण्याला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. नीट चार्ज करूनही १०.५ च्या जवळच राहिली, तर बहुधा एक खाना बसलेला आहे.

२. इंजिन सुरू करा. दिवे बंद ठेवून मध्यम रेसवर दहा मिनिटं चालू द्या आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेले तर चार्जिंग जास्त.

३. जास्त असेल तरी लगेच रेग्युलेटर बदलू नका. इंजिन बंद करून त्याच्या तारांची टोकं घासून घट्ट बसवा. रेग्युलेटर वेगळ्या डबीत असेल तर डबीची अर्थिंग पाहा. चालू इंजिनवर मीटरचं एक टोक डबीला, दुसरं बॅटरीच्या उण्याला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. गंज खरवडून बोल्ट आवळा आणि पुन्हा मोजा. तरीही १५ च्या वरच, तर दोष बहुधा रेग्युलेटरचा; तो बदलून घ्या.

४. चार्जिंग ठीक आहे, पण एकाच खान्याचं पाणी उतरतं? मग दोष बॅटरीचा. सगळ्या खान्यांचं सारखं उतरत असेल, तर संशय चार्जिंगवर घ्या.

आता सावधगिरी. बॅटरीतला वायू पेट घेतो. जवळ बिडी-काडी नको. चालत्या इंजिनवर बॅटरीची तार कधीही काढू नका, अल्टरनेटर जळतो. बॅटरी सोडवताना उण्याची तार आधी काढा, जोडताना शेवटी लावा. मोजताना धोतराचा सोगा, साडीचा पदर, बाही पंख्या-पट्ट्यापासून दूर ठेवा. डोळ्यांत अ‍ॅसिड गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही प्लेटा बुडून खुणेपर्यंत. विहिरीचं पाणी नको, त्यात क्षार असतात. वरून अ‍ॅसिडही घालू नका; उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बूच उघडून पाहा. न उघडणाऱ्या बॅटरीचं पाणी दिसत नाही, म्हणून तिथं मीटरवरच भिस्त ठेवा.

पेरणीच्या आधी, मे महिन्यातच, ही दहा मिनिटांची तपासणी करून घ्या. नवी बॅटरी घेतलीच, तर बसवल्या दिवशी व्होल्ट मोजा. नाहीतर जुन्या दोषापायी तीही उकळेल.