माघातली मोजणी, श्रावणातलं गाव



कुठल्याही गावाची सरकारी ओळख दोन ओळींत संपते. क्षेत्र अमुक हेक्टर, लोकसंख्या अमुक. पठारावरच्या गावाला एवढी ओळख बहुधा पुरते. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना ती पुरत नाही, असं माझं म्हणणं आहे आणि आज तेवढंच मांडायचं आहे. आपल्याकडे नावा, निवारे, धान्य, औषधं आणि वैरण यांचा हिशेब ज्या लोकसंख्येवर बसवतात, ती वर्षातल्या सगळ्यांत सोप्या दिवसांत मोजलेली असते. गरज पडते ती सगळ्यांत अवघड दिवसांत. या दोन दिवसांत गाव तेच राहत नाही. त्याचा आकार बदलतो, वाटा बदलतात आणि माणसंही बदलतात. उदाहरण म्हणून खिद्रापूर घेतो. कोपेश्वराच्या देवळामुळे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. लोक येतात, स्वर्गमंडपाचे अठ्ठेचाळीस खांब बघतात आणि परत जातात. भोवतालचं छोटं शेतकरी गाव बघायचं राहून जातं.

आधी जमीन पाहू. शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, पर्जन्यछायेत आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. इथे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी बरं साल म्हणायचं. तरी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडलेल्या पाण्याचा केवढा तरी वाटा याच तालुक्यात गोळा होतो. कृष्णा येताना कोयनेचं पाणी घेऊन येते. वारणा तिला हरिपूरजवळ मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला. दूधगंगा वेदगंगेला पोटात घेऊन तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून पुढे कृष्णेत जाते. त्यातच इथून खाली कृष्णेचा उतार अगदी मंद आहे. पाणी पुढे सरकायला वेळ लावतं आणि मागून येणारं काही थांबत नाही. कृष्णा चढली की पंचगंगेला तुंब बसते आणि फुगवटा कुरुंदवाड-शिरोळच्या रानांत मागे पसरत जातो. म्हणून इथे डोक्यावर ऊन असताना पूर येतो. पाऊस दुसऱ्याच्या अंगणात पडलेला असतो, पूर आपल्या दारात उभा राहतो.

खिद्रापूर तर याच्याही पुढचं, राज्याच्या अगदी काठावरचं. कृष्णा गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. पैलतीरावर कर्नाटकातलं जुगूळ आहे. देवळात नंदी नाही. तो शेजारच्या यडूरला आहे अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि यडूरही आता दुसऱ्या राज्यात गेलंय. अशा वळणातल्या गावात पाणी घरात शिरायच्या आधी रस्ता जातो. कुरुंदवाडकडची वाट बुडाली की घरं कोरडी असतानाच गावाचं बेट होतं. नृसिंहवाडीसमोर, पलीकडच्या काठावर औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास, कवठेगुलंद, शेडशाळ, गणेशवाडी ही गावं आहेत. महाराष्ट्रातच असली तरी पूल पाण्याखाली गेला की त्यांची तालुक्याच्या गावाशी असलेली सरळ वाट तुटते. मग उरतात त्या मिरजेकडच्या नाहीतर कागवाडकडच्या वाटा. नकाशात या गावांची शीव ठळक रेघेने दाखवलेली असते. ऑगस्टमध्ये ती रेघ पाण्याखाली असते आणि गावाची खरी शीव पाण्याच्या कडेने ठरते.

मग असल्या जागी माणसं का राहिली? कुणी चुकून वसवलेलं हे गाव नाही. देवळाच्या दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे, आणि शिलाहारांच्या काळातलं मूळ काम त्याहून जुनं आहे. म्हणजे निदान आठशे वर्षं ही जागा लोकांना माहीत आहे आणि हवीशीही वाटते आहे. याचं कारण मातीत आहे. पाणी उतरल्यावर काठाच्या मळीत पोयटा राहतो, त्यातली कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध आहेत. पुढे उपसा योजना आल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था आल्या, शिरोळला श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस रानोमाळ पसरला. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती, दर चौरस किलोमीटरला ५०४ माणसं. शिरोळ तालुक्यात ३ लाख ९० हजारांच्या आसपास माणसं भरली, आणि घनता जिल्ह्याच्या सरासरीच्या जवळजवळ दीडपट. ही दाटी नदीने आणली आहे. त्याच पाण्याने पुढे हजारो एकर जमीन क्षारपड केली आणि ती सुधारण्यासाठी जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या घालायची वेळ आली. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. मुद्दा एवढाच की इथला माणूस पाण्याच्या भीतीने जितका हलतो, तितकाच पाण्याच्या ओढीने परत येतो.

आता मोजणी. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि तिचा संदर्भक्षण होता १ मार्चची मध्यरात्र. तो माघ महिना. नदी तळाला गेलेली, रस्ते कोरडे, गाळप हंगाम जोरात. बीडकडून आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या फडाच्या कडेला कोप्या घालून राहिलेल्या. गणनेचा नियम असा की मोजणीच्या सबंध काळात जो घराबाहेर असेल, त्याची नोंद तो सापडेल तिथे करायची. म्हणजे नियम काटेकोर पाळला तर नवरा-बायकोचा एकेक कोयता माघात आपल्या गावच्या लोकसंख्येत जमा होतो आणि ऑगस्टमध्ये तो इथे नसतो. उलट, सैनिक टाकळीसारख्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेले जवान त्यांच्या छावणीत मोजले जातात. नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा पुण्यात मोजला जातो. पुरात जे खांदे लागतात, ते वर्षभरच बाहेर असतात.

श्रावणात उलटा ओघ सुरू होतो, आणि त्याची दखल कुणीच घेत नाही. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगा चढत होत्या. पुढच्या काही दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पंचमी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. लेकी लहान मुलं घेऊन आलेल्या असतात, एखादी बाळंतपणासाठी आलेली असते. त्यांची नावं सासरच्या रेशनकार्डावर, सासरच्या मतदारयादीत. माघात मोजलेल्या गावापेक्षा श्रावणातल्या गावात लहान मुलं आणि गरोदर बायका जास्त असतात. नाव आणि औषधं लागतात ती नेमकी यांनाच.

शिवाय जनावरांचा प्रश्न आहेच. पाणी चढायला लागलं की पहिली धावपळ माणसांची नसते, मोटारींची असते. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी सोडवायच्या, दोर लावून ट्रॅक्टरने वर ओढायच्या. मग म्हशी-गाई बाहेर काढायच्या, मग वैरण, आणि माणसं शेवटी. शहरातून बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. पण दुभती म्हैस हे या घरांचं दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल आहे. ती मागे ठेवून कुणी नावेत बसत नाही. जनावरांची गणना वेगळी होते, पाच वर्षांतून एकदा, वेगळ्या खात्याकडून. माणसांच्या आकड्याशेजारी तो आकडा कधी मांडला जात नाही. त्यामुळे गाव रिकामं करायला किती वेळ लागेल याचा अंदाज दरवेळी चुकतो. हिशेब चुकला की काय होतं ते ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. नावेत झेपतील त्याहून जास्त माणसं चढली, नाव उलटली आणि माणसं बुडाली. चढणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. त्या दिवशी गावात किती जण आहेत आणि त्यांना किती फेऱ्या लागतील, हे आधी ठरलेलं असायला हवं होतं.

इथे परक्या मुलखातलं एक उदाहरण उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात टोर्बेल नावाचं डोंगरउतारावरचं छोटं शेतकरी गाव आहे. रॉबर्ट नेटिंग या मानवशास्त्रज्ञाने त्याची जमीन आणि लोकसंख्या अनेक शतकांच्या कागदपत्रांतून अभ्यासली आणि १९८१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तिथल्या गावकऱ्यांनी १४८३ साली सामाईक कुरणांसाठी लेखी करार केला. १५१७ चा त्यांचा एक नियम सांगतो की हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. नियम उन्हाळ्याचा, माप हिवाळ्याचं. गावाची ताकद त्यांनी सगळ्यांत कठीण ऋतूवरून मोजली, म्हणून कुरण शतकानुशतकं टिकलं. स्वित्झर्लंड श्रीमंत देश आहे, आपली त्याच्याशी काय तुलना, असं कुणी म्हणेल. पण १५१७ मध्ये टोर्बेल श्रीमंत नव्हतं. हा नियम गरीब डोंगरी शेतकऱ्यांनी केला होता आणि त्याला खर्च शून्य होता.

आता आक्षेप. पहिला जाणकारांचा: जनगणना सगळ्या देशाची एकाच क्षणी व्हायला हवी. प्रत्येक गाव आपली तारीख मागू लागलं तर कशाची कशाशी तुलना होणार? बरोबर आहे. जनगणनेची तारीख बदला असं मी म्हणतच नाही. पुढच्या गणनेचा संदर्भक्षणही १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे आणि तो तसाच असू दे. पण २०२१ ची गणना झालीच नाही. २०११ आणि २०२७ या दोन मोजण्यांच्या मध्ये सोळा वर्षं जातात, आणि याच सोळा वर्षांत २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर येऊन गेले. देशाला चालणारा आकडा पूरग्रस्त गावाला चालेलच असं नाही. गावाने स्वतःची दुसरी नोंद ठेवली तर पहिलीला धक्का लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त तापलेला आहे: पूर खालच्या अलमट्टी धरणामुळे येतो, मग आम्ही मोजत बसायचं कशाला? अलमट्टीची साठवण पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि त्याला इथून होणारा विरोध रास्त आहे. फुगवट्याच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी शंका घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? पण १९१४ आणि १९५३ चे पूर अलमट्टीच्या कितीतरी आधीचे आहेत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. समितीचं म्हणणं मान्य नसलेले इथे पुष्कळ आहेत. वाद चालू ठेवावा, नेटाने चालू ठेवावा. मात्र अलमट्टी दोषी ठरली तर पूर वारंवार येणार, आणि निर्दोष ठरली तरी तो येतच राहणार. दोन्ही निकालांत श्रावणातल्या गावाची नोंद लागणारच आहे. वादाच्या आड हे काम लपवणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप पुनर्वसनाचा: सगळं गाव उचलून उंचावर न्या, प्रश्न मिटला. घरं नेता येतील, आणि जिथे लोकांची तयारी आहे तिथे न्यावीतही. पण मळी नेता येत नाही, मोटार नदीवरच बसणार, आणि ज्याचं रान काठावर त्याचा गोठाही बहुधा काठावरच राहणार. मग रात्री वर झोपणारं आणि दिवसा खाली राबणारं गाव तयार होतं. त्याची मोजणी आणखी अवघड. पुनर्वसन झालं तरी नोंदीची गरज संपत नाही.

या नोंदीला नवं खातं लागत नाही. बहुतेक माहिती गावात आहे, फक्त वेगवेगळ्या कपाटांत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरं आहेत. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना गरोदर बायका आणि लहान मुलं तोंडपाठ आहेत. दुभतं जनावर कुणाच्या दारात आहे ते दूध संस्थेइतकं कुणाला माहीत नाही, आणि मोटारी पाणीपुरवठा संस्थेच्या वहीत आहेत. सीमेपलीकडे सोयरीक कुणाची आहे, पाणी आलं की कोण जुगूळला जाणार आणि कोण कुरुंदवाडला, हे पोलीसपाटलाला सांगावं लागत नाही. हे आकडे एका वहीत उतरवायचे, आणि पंचमीच्या आठवड्यात दारोदार जाऊन माहेरवाशिणींची भर घालायची. वहीच्या शेवटच्या पानावर रस्ता कुठे आधी बुडतो आणि त्याआधी नावेच्या किती फेऱ्या व्हायला हव्यात, एवढं लिहायचं. वही वर्षाला जुनी होते, म्हणून ती दरवर्षी नव्याने लिहावी लागेल. हेच यातलं कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं.

१ मेला आपल्या सर्व गावांत ग्रामसभा आहे. तिच्यानंतर पावसाला महिनाच उरतो. इथे बसलेल्या सरपंचांना आणि सदस्यांना माझी विनंती आहे की या वहीचा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, वही कुणी लिहायची ते नावानिशी ठरवा, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवा.