दिवा मालवल्यावर

रोमचा सम्राट नीरो याचा गुरू सेनेका. त्याची एक सवय होती. रात्री दिवा मालवला, बायको गप्प झाली, की तो दिवसभराचा हिशेब मांडायचा. आज कुठं चुकलो? वाद घालताना उगाच तापलो का? चूक सापडली की स्वतःला बजावायचा, पुन्हा असं नको, आणि माफही करून टाकायचा. ही माफी मला फार मोलाची वाटते. नाहीतर स्वतःला तपासता तपासता माणूस स्वतःलाच छळायला लागतो.

पुढच्या शतकात सम्राट मार्कस ऑरेलियसनं स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहिली, काही तर डॅन्यूबकडच्या लष्करी मोहिमेत. ती 12 भागांत आपल्यापर्यंत पोचली. 2000 सालच्या ‘ग्लॅडिएटर’ सिनेमातही मार्कस भेटतो. तिथं मुलगाच त्याचा जीव घेतो. बहुतेक इतिहासकार मात्र तो आजारानं गेला असं मानतात. सिनेमानं ओळख होते, तेवढंच. फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपचंही तसंच! ते रोज सुविचार धाडतं, आपण बोटानं वर सरकवतो.

तेव्हा आज रात्री फोन लांब ठेवा आणि वहीत दिवसाबद्दल तीनच ओळी लिहून पाहा.