पोथीच्या कागदाची साक्ष



मठाच्या ह्या मंगल प्रसंगी शास्त्रचर्चा सोडून कागदाविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागितली, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु पाठशाळेत जो पाठ आम्ही विद्यार्थ्यांच्या मुखी देतो, तो अमुक पोथीतील अमुक पानावर आहे एवढाच त्याला आधार असतो. ते पान मूळ पोथीचेच आहे की मागाहून कोणी घातलेले, हा प्रश्न म्हणूनच लहान नव्हे.

येथे नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळात शिवछत्रपतींनी केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८, हा काळ शिळाच सांगते. पोथीचे तसे नाही. शेवटचे पान पुष्कळदा गळालेले असते. पुष्पिका असली, तरी लेखकाने समोरच्या प्रतीतील शक जसाच्या तसा उतरून घेतलेला असू शकतो. अशा वेळी कागदालाच विचारणे भाग पडते.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील सरकारी दप्तरासाठी युरोपातून जो कागद येई, त्यावर बहुधा जलचिन्ह असे. पान उजेडापुढे धरले की ते दिसते, आणि त्यावरून कागदाचे मूळ पुष्कळ अंशी शोधता येते. आपल्या जुन्नरी किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदावर अशी खूण नसते. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे ह्यांनी कागदाच्या इतिहासावर मोलाचे लेखन केले, ते मुख्यतः ग्रंथांतील उल्लेखांच्या आधारे. आता कागदाच्या अंगी असलेल्या मूलद्रव्यांचे सूक्ष्म अंश मोजण्याची विद्या त्याच्या जोडीला आली आहे.

तिचे तत्त्व सोपे आहे. क्ष-किरण पानावर सोडले की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या विशिष्ट शक्तीचे किरण परत फेकते. यंत्र ते ओळखते व मोजते. पान कापावे लागत नाही. गंमत अशी की, तंतू ज्यांचा बनलेला असतो ते कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ह्या यंत्रास दिसतच नाहीत. दिसते ते कागद करताना त्याला चिकटलेले. आपल्याकडे जुने दोर व गोणपाट चुन्यात भिजवून कुटीत, कागदास खळ लावीत व दगडाने घोटून गुळगुळीत करीत. म्हणून तेथे चुन्यातील कॅल्शियम भेटते, आणि पाण्यातून आलेले लोह व मँगनीज. युरोपात कापडाच्या चिंध्यांच्या कागदाला सरस व तुरटी देत. तेथे गंधक व पोटॅशियम ह्यांचे प्रमाण वेगळे पडते. गिरणीच्या कागदात पांढरी माती घातलेली असते, तर टायटॅनियमची पांढरी भुकटी विसाव्या शतकापूर्वीच्या कागदात कोणी घातलेलीच नाही. शेजारच्या दहा पानांत ही प्रमाणे जुळतात आणि अकराव्यात मुळीच जुळत नाहीत, तर त्या पानावरील पाठ शिकविण्यापूर्वी थांबले पाहिजे.

मात्र कागद जुना म्हणून लेखनही जुने, असे नव्हे. कोरी जुनी पाने मिळतात आणि लबाडाला ती हवीच असतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे असलेला विनलंड नकाशा पंधराव्या शतकातील म्हणून गाजला. त्याचे चर्मपत्र खरोखरच जुने होते. शाईत मात्र टायटॅनियमचे आधुनिक संयुग निघाले, आणि २०२१ मध्ये विद्यापीठानेच तो बनावट असल्याचे जाहीर केले.

आपल्या डिचोली महालात आणखी एक अडचण आहे. येथील मातीच लोहाची. खाणींची तांबडी धूळ घरात, कपाटात, पोथीच्या बासनातही शिरते. तेव्हा पानात लोह अधिक आढळले, तर ते कागद करणाऱ्याच्या पाण्यातले की आपल्या रस्त्यावरचे? म्हणून एकाच कडेला मोजून भागत नाही. पानाच्या मध्यभागी, शिवणीजवळ, कोऱ्या जागी अनेक ठिकाणी मोजावे लागते, आणि पान सुटे धरावे लागते, नाहीतर किरण खालच्या पानाचीही साक्ष घेऊन येतात. भक्तिभावाने शिंपडलेले कुंकू आणि किडीसाठी टाकलेल्या भुकट्या ह्यांनीही असाच घोटाळा होतो. पोथीला जे काही लावले असेल, ते तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून बासनात ठेवावे, अशी माझी आपणा सर्वांस विनंती आहे.

आणि एक गोष्ट तातडीची. चुकलेल्या अक्षरांवर लेखक पिवळा हरताळ लावीत; ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ म्हणजे सोमल व गंधक ह्यांचे संयुग. काही पोथ्यांची सबंध पानेच त्याने पिवळी केलेली असतात. डेन्मार्कमधील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हिरव्या वेष्टनाच्या तीन जुन्या ग्रंथांवर सोमल असल्याचे ह्याच क्ष-किरणांनी उघड केले. ती वार्ता २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तर पान उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय आहे. तपासणी होईपर्यंत पिवळी पाने असलेली पोथी मुलांच्या हाती देऊ नये, आणि मोठ्यांनीही ती हाताळल्यावर हात धुतल्यावाचून प्रसाद घेऊ नये.