आईबापांचा भार व आपला खांदा



जुबिलीच्या या मंगल समयी आपल्या मंदिराच्या घंटेचे, वेदीचे व शिखराचे कौतुक पुष्कळ झाले. ते यथायोग्यच होय. परंतु ज्यांस या मंदिराच्या पायऱ्या चढणेच अशक्य, अशा लेकरांविषयी व त्यांच्या आईबापांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

काही बालके दुभंगलेल्या कण्यासह जन्मास येतात. वैद्य या विकारास 'स्पायना बायफिडा' म्हणतात. गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, पुष्कळदा मातेस आपण गरोदर आहो हे कळण्यापूर्वीच, गर्भातील मज्जारज्जूची नळी मिटावयाची असते. ती उघडी राहिली म्हणजे हा दोष उद्भवतो. तीव्र प्रकारात पाय लुळे पडतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही, आणि पुष्कळांच्या मस्तकात पाणी साचते.

शरीराची व्यथा डोळ्यांस दिसते. आईबापांच्या अंतःकरणातील दिसत नाही. जन्मदिनीच आनंद व शोक एकाच उंबरठ्यावर उभे राहतात. मस्तकातील पाणी उतरविणारी नळी बसविल्यावर मूल एकदा ओकले, तरी नळी तुंबली की काय, या धास्तीने रात्र सरत नाही. दिवसातून अनेकदा कॅथेटरने लघवी काढावयाची, म्हणून आई लग्नकार्यास जाईनाशी होते. बाप खर्चाच्या विवंचनेत अबोल होतो. निरोगी भावंड आपला हट्ट गिळून अकाली शहाणे होते. आणि या सर्वांवर शेजारपाजारची कुजबुज: हे कोणाच्या पापाचे फळ?

प्रश्न जुनाच आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी तोच विचारला, आणि प्रभूने त्या मनुष्यास व त्याच्या आईबापांस, उभयतांस दोषमुक्त केले. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने दाखविले की, असे मूल पूर्वी झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका 72 टक्के घटतो. विवाहित कन्यांनी याविषयी वैद्यांस अवश्य विचारावे. तथापि गोळी घेऊनही काहींच्या वाट्यास हे दुःख येतेच. सबब हे ज्ञान पुढील बालकांच्या रक्षणार्थ आहे, कोणा मातेस बोल लावण्यासाठी नव्हे.

अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्रकारागिराचा पुत्र केसी 1955 साली याच विकारासह जन्मला. शल्यविशारद युजीन स्पिट्झ यांच्या सहकार्याने त्या बापाने मस्तकातील पाणी वाहून नेणारी सिलिकोनची झडप घडविली. 1956 साली ती वापरात आली. केसी बालपणीच निवर्तला. झडपेने मात्र असंख्य परक्या लेकरांस जीवदान दिले. परंतु प्रत्येक बापाने असा पराक्रम करावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. थकलेल्या आईस रडण्याचीही मुभा असावी.

पराक्रम आता आपण करावयाचा आहे. पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधू या; धर्मशिक्षणाच्या वर्गात चाकांच्या खुर्चीस जागा ठेवू या; आठवड्यातून एक संध्याकाळ त्या घरी बसून आईबापांस मोकळे करू या. 2016 च्या कायद्यान्वये ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या बालकांस मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्याच्या खेपा त्यांच्यासवे आपणही घालू या.

"आमच्या पश्चात याचे कोण?" हा प्रश्न त्या आईबापांच्या उशाशी नित्य जागा असतो. त्याचे उत्तर आपल्या धर्मग्रामाने कृतीने द्यावे, हीच आमची विनंती.